धाकटीच्या हातावरची कातडी

मंगळवार, ५ मार्च

काल दुपारी पावणेतीनला भिंतीपलीकडे काहीतरी मोठं आदळलं. मी एका शर्टाच्या डाव्या बाहीला इस्त्री करत होते. धाकट्या बहिणीच्या भट्टीवाल्याने पुन्हा पिंप पाडलं असेल, असं मनात आलं आणि मी बाही पूर्ण केली. मग कॉलर घेतली. कॉलर अर्धी झाली तेव्हा ओरडणं ऐकू आलं. हे लिहून ठेवते, कारण चार दिवसांनी मी स्वतःलाच सांगायला लागेन की आवाज ऐकताक्षणी मी धावले.

बाबांचं दुकान एकच होतं, रंगाई आणि धुलाई. ते गेल्यावर मधोमध भिंत घातली. रंगाचे हंडे धाकटीकडे गेले, इस्त्र्या आणि धुलाई माझ्याकडे. आम्ही जुळ्या. मी अकरा मिनिटांनी मोठी. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, आमचं बोलणं नाही. काल सहा वर्षांनी तिच्या दारातून आत गेले.

तिवईचा पाय सरकून उकळत्या निळ्या रंगाचा हंडा तिच्या अंगावर आला होता. दोन्ही पाय, पोट, उजवा हात बोटांपर्यंत. भट्टीवाला नुसता उभा राहून रडत होता. मी नळी ओढली आणि वीस मिनिटं गार पाणी धरलं. त्याला म्हटलं, "रडायचं नंतर, आधी फोन." कपडे अंगाला चिकटले होते ते ओढले नाहीत. चिकटलेलं ओढायचं नसतं एवढं धुलाईवालीला कळतं.

हॉस्पिटलात नर्स विचारत होत्या, हे भाजलेलं आहे की रंग? मी रंगाचं नाव सांगितलं, तो कशाने निघतो ते सांगितलं. सदतीस वर्षांपूर्वीची रसायनशास्त्राची पदवी एकदाची कामाला आली.

गुरुवार, ७ मार्च

जळितांच्या वॉर्डातल्या आयाने सकाळी मला दारात बघून ट्रे खाली टाकला. तिला वाटलं, सात नंबरची पेशंट उठून चालायला लागली. मी ट्रे उचलून दिला.

सर्जनबाई माझ्या सुनेहूनही लहान दिसतात. केस आखूड, बोलणं मुद्द्याचं. मला आवडल्या, पण तसं दाखवलं नाही.

"एकसारख्या जुळ्या आहात तुम्ही?"

"बघताय ना."

"दिसण्यावर मी जात नाही. रक्त तपासू." मग त्यांनी कारण सांगितलं. धाकटीचं जवळजवळ निम्मं अंग खोलवर भाजलंय. काल मेलेली कातडी काढून वर पेढीतली घातली आहे, म्हणजे लोक मरणानंतर दान करतात ती. ती फक्त झाकण म्हणून. दोनतीन आठवड्यांत शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि झिडकारतं. त्याच्या आत तिथे तिची स्वतःची कातडी लावायला हवी, नाहीतर जंतू आत शिरतात आणि मग माणूस हाती लागत नाही. स्वतःची म्हणावी तर धाकटीकडे आता पाठ, डावा हात आणि डोकं एवढंच उरलंय, आणि इतक्या भाजलेल्या अंगाला आणखी नवी जखम पेलायची नाही.

"माझी घ्या."

"दुसऱ्या कोणाची चालत नाही. सख्ख्या बहिणीचीही नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची मात्र चालते. त्यांच्या शरीराला कळतच नाही की ही तुमची आहे."

मनात म्हटलं, शरीराला कळणार नाही, पण तिला कळेल. रक्त दिलं आणि दुकानात जाऊन अकरा कोट इस्त्री केले.

सोमवार, ११ मार्च

निकाल आला. आम्ही एकाच बीजाच्या. परवा माझ्या दोन्ही मांड्यांवरून कातडी काढायची आणि तिच्या पायांना आणि पोटाला लावायची. दोन आठवड्यांत माझ्या मांड्या भरल्या की पुन्हा तिथूनच काढून तिच्या उजव्या हाताला. कागदांवर सह्या केल्या.

सून सोबत होती. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "आई, मावशींना विचारायला नको का? शुद्धीवर आल्या की?"

"तोवर थांबायचं? मी तिची मोठी बहीण आहे."

"अकरा मिनिटांनी," सून म्हणाली. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि फुटतो तो असा.

विचारण्यासारखं होतं काय त्यात? आईच्या शेवटच्या आजारात या धाकटीने उंबऱ्याला पाय लावला नाही, तेव्हा मला कोणी विचारलं होतं? तीन आठवडे मी एकटीने काढलं. धाकटीने दोनदा फोन केला. मी सांगितलं, ताप आहे, उतरेल, तुझ्या ऑर्डरी आहेत त्या बघ, मी आहे ना. आणि तिने खरंच ऑर्डरी बघितल्या! मी असते तर सगळं टाकून आले असते. चौथ्या आठवड्यात आली ती आई गेल्यावर, आणि दारात उभी राहून मलाच म्हणाली, "तू मला येऊ दिलं नाहीस." तेव्हापासून बोलणं बंद.

गुरुवार, १४ मार्च

काल झालं. दुखतंय. कोणी विचारलं तर नाही म्हणते.

शुक्रवार, १५ मार्च

नाही म्हणून भागत नाही हो. बटाट्याची साल काढतात तशी दोन्ही मांड्यांवरून पातळ साल काढली आहे, आणि आता वारा लागला तरी जीव कळवळतो. वर औषधी जाळीचं कापड चिकटवलंय. मुख्य नर्सने बजावलं, "त्याला हात लावायचा नाही. खाली कातडी तयार झाली की ते कडेने आपोआप सुटत जाईल. सुटेल तेवढं आम्ही कापू." मुख्य नर्स म्हणजे पहाडासारखी बाई आहे, मी इतरांशी बोलते तसं माझ्याशी बोलते.

संध्याकाळी सर्जनबाई आल्या. मी विचारलं, "साल काढली तर पुन्हा येते कुठून? कापड झिजलं की झिजलं. त्याला नवा धागा फुटत नाही."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, वरून दिसते ती कातडी मेलेलीच असते, रोज भुश्शासारखी झडते. जिवंत असतो तो सगळ्यात खालचा थर. तिथे मूळपेशी असतात. एक मूळपेशी दुभंगते, त्यातली एक जागेवर राहते, दुसरी वर चढायला लागते. चढता चढता चपटी होते, मरते, आणि महिन्याभराने वर पोचून झडते. खालची मात्र तिथेच, पुन्हा दुभंगायला तयार. जन्मभर.

"पण तुम्ही तो खालचा थरही काढून नेलात ना?"

"नेला. तो न्यावाच लागतो, त्यातल्या मूळपेशी तुमच्या बहिणीकडे जाऊन पुढे काम करणार. पण प्रत्येक केसाचं मूळ याहून खोल असतं, आणि त्या खड्ड्याच्या भिंतीतही मूळपेशी असतात. एरवी त्या केसाचं बघतात. वरची कातडी गेली की तिथून बाहेर येतात आणि चहूकडे पसरतात. लाल जखमेवर आधी बारीक ठिपके दिसतात, एकेका केसाभोवती एक. ते वाढत वाढत एकमेकांना मिळतात. म्हणून जिथे केस दाट, तिथे जखम लवकर भरते. डोक्यावरची तर आठवड्यात."

अशी माणसं मला आवडतात. नीट विचारलं की नीट सांगतात. त्या गेल्यावर मी जाळीखाली काय चाललं असेल याचाच विचार करत राहिले. एकेक केस, एकेक बिऱ्हाड.

रविवार, १७ मार्च

काल घरी आले. आज धाकटीच्या खोलीत जायची परवानगी मिळाली. झगा, टोपी, तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत धुऊन. तिच्या घशातली नळी परवा काढली आहे. पट्ट्यांतून डोळे आणि अर्धा चेहरा दिसत होता. चेहऱ्याला काही झालेलं नाही.

आवाज घोगरा होता. "कोण? मुख्य नर्स का?"

"मी आहे."

तिने डोळे बारीक करून बघितलं. मग, "या ताईसाहेब."

मी बसले. बसताना मांड्या ताणल्या तेव्हा तोंडातून आवाज निघाला, तो तिने ऐकला.

"सांगितलं मला त्यांनी. तुझी कातडी माझ्या पायांवर आहे."

"मग?"

"माझ्या परवानगीशिवाय."

"तू बेशुद्ध होतीस."

"तू मला जागी असताना तरी विचारलंयस का कधी काही?" मग ती हसली, म्हणजे हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली. "तुझ्या मांड्या माझ्या पायांना. आता माझे पायही आयुष्यभर इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहायला बघतील."

मी म्हटलं, "बरं होईल, थोडी शिस्त लागेल."

मी निघताना ती म्हणाली, "हात राहील का गं?" तिचं सगळं त्या उजव्या हातात आहे. ओल्या कापडाला दोन बोटांत धरून ती सांगते, रंग अजून किती चढायचा आहे. बाबांनाही ते येत नव्हतं आणि मला तर नाहीच नाही.

"राहील," मी म्हटलं. "मी आहे ना."

तिने डोळे मिटले. थकली असावी.

मंगळवार, १९ मार्च

पायांच्या पट्ट्या काल उघडल्या. कातडीने सगळीकडे मूळ धरलंय! सर्जनबाई म्हणाल्या गुलाबी, छान. धाकटीने मलाही बघायला लावलं.

माझ्या उजव्या मांडीवरची जाळी वाळून कडक झाली आहे, काळपट तपकिरी, आणि तिला वास येतोय. डावीला नाही. या वासाने तिच्या शेजारी जाऊन बसायचं हे मला पटेना. दुकानात असं रोज येतं, अस्तराला चिकटून वाळलेली खळ, कोटाला चिकटलेली पट्टी. ओढली तर कापड फाटतं. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, अर्धा तास भिजवायचं, मग कोपऱ्यातून हलक्या हाताने, कापडाला समांतर. सदतीस वर्षांत माझ्या हातून एक अस्तर फाटलेलं नाही. हात लावू नका ही सूचना ज्यांना हात जपून चालवता येत नाही त्यांच्यासाठी असणार.

भिजवलं. निघालं. अखंड निघालं.

जाळीच्या खालच्या बाजूला पातळ, पांढुरकं, सायीसारखं काहीतरी चिकटून आलं. मला वाटलं, वाळलेला स्राव. मांडी लालभडक झाली आणि दवासारखं रक्त सगळीकडून फुटलं. मी जाळी उजेडात धरून बघितली. सायीत बारीक बारीक ठिपके होते, काही एकमेकांना मिळालेले.

तेव्हा कळलं काय सोलून काढलं ते.

बुधवार, २० मार्च

घरातली स्वच्छ पट्टी उकळून, वाळवून, इस्त्री करून बांधली. पुन्हा येईल. मुळं तर खाली आहेतच. मूळपेशी एकदा बाहेर आल्या, दुसऱ्यांदाही येतील. कोणाला सांगून काय उपयोग, नुसता गोंधळ वाढेल.

चादरीवर रक्ताचा मोठा डाग होता. सून उठायच्या आत गार पाणी आणि मीठ लावून काढला. असा काढला की माझी मलाच जागा सापडेना. दुपारी बघते तर तिने माझ्या पलंगावर एकावर एक दोन चादरी घातलेल्या, आणि मधे मेणकापड. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. मी काही बोलले नाही.

शुक्रवार, २२ मार्च

दुकान सून बघते आहे. भट्टीवाल्यालाही तिनेच आमच्या वाफेच्या इस्त्रीवर लावलाय, मला न विचारता. बरं करतो म्हणे. बघू.

अंग कसकसतंय. पट्टीवर आज पिवळट हिरवं आलं. असा डाग मी कापडावर असंख्य वेळा काढला आहे आणि तो कशाचा असतो हे मला ठाऊक आहे.

तरी आज धाकटीकडे जाऊन आले. तिच्या हातावरची पेढीतली कातडी कडेने उचलायला लागली आहे. ती म्हणाली, "तुझा चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "झोप नाही."

सून दारात उभी होती. गाडीत म्हणाली, "आई, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. अलीकडे फार चढेल झाली आहे.

शनिवार, २३ मार्च

पहाटे ताप एकशे एक. मी उठून बसले आणि सरळ विचार केला, जो मंगळवारीच करायला हवा होता. माझी मांडी उशिरा भरेल हा माझा प्रश्न. पण हे जंतू मी रोज तिच्या खोलीत घेऊन जाते आहे, आणि तिच्या अंगाला दार नाही.

सुनेला हाक मारली. ती कपडे करून, पिशवी भरून तयारच होती.

मुख्य नर्सने पट्टी सोडली आणि वर बघितलं. "हे कोणी केलं?"

"मी."

"सांगितलं होतं ना हात लावायचा नाही?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

पहाडाने सर्जनबाईंना बोलावून आणलं. त्यांनी विचारलं, "केव्हा?"

"मंगळवारी."

"चार दिवस? आणि चार दिवस तुम्ही त्यांच्याशेजारी बसलात?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी धाकटीच्या सगळ्या जखमांचे नमुने घेतले. उत्तर परवा. मला दाखल करून सुई लावली.

सून पायथ्याशी बसली. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"चादर ओली होती आई. आणि तिला मीठ लागलेलं."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही दहा वर्षांत मला एकदा तरी बोलू दिलंयत?" असं म्हणून तिने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. पांघरूण सारखंच होतं.

सोमवार, २५ मार्च

धाकटीचे नमुने स्वच्छ आहेत. सर्जनबाई सांगत असताना मी भिंतीकडे तोंड करून होते. मांडी दुखत होती म्हणून नव्हे.

माझा ताप उतरला. पण उजवी मांडी महिनाभर तरी बाद. डावी उत्तम भरली आहे, पण तिच्यावरची कातडी धाकटीच्या दंडापासून मनगटापर्यंत जेमतेम पुरेल. पंजाला काही उरत नाही, आणि नुकताच ताप उतरलेल्या माझ्या अंगावर हळू भरणारी नवी जखम सर्जनबाईंना नको आहे. पंजाची पेढीतली कातडी सुटत आली आहे. उघडा राहिला तर तो भरेल कसाबसा, पण आवळून, मुठीसारखा, बोटं उघडणार नाहीत.

मी विचारलं, "आणि डोकं?"

"कोणाचं?"

"माझं. डोक्यावरची आठवड्यात भरते असं तुम्हीच म्हणालात."

त्या माझ्या वेणीकडे बघायला लागल्या. वेणी कमरेपर्यंत आहे, आणि साठीला आली तरी निम्मी काळी. तेवढी एकच हौस मी आयुष्यात केली. "ते सुचवणारच होते मी सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "पण बायका तयार होत नाहीत. तुमची वेणी बघून विचारलंच नाही."

"विचारायचं होतं," मी म्हटलं.

मंगळवार, २६ मार्च

केस सुनेने कापले. मुख्य नर्स करणार होती, पण सून म्हणाली मी करते. आधी कात्री, मग वस्तरा. तिचा हात हलका आहे, हे मला माहीत नव्हतं. दुकानात दहा वर्षं माझ्या हाताखाली काम करते आहे ही बाई! डोळे पुसत होती म्हणून मी म्हटलं, "रडतेस काय, गवत आहे ते. पुन्हा येईल."

"मी नाही रडत. केस गेले डोळ्यात."

"माझ्या डोळ्यातही गेलेत," मी म्हटलं.

सर्जनबाईंना विचारून घेतलं, धाकटीच्या पंजावर माझे केस उगवणार का? म्हणाल्या, नाही, केसाचं मूळ तुमच्याकडेच राहतं, आम्ही वरचा पापुद्राच नेतो. एवढंच हवं होतं. नाहीतर जन्मभर ऐकवलं असतं तिने.

गुरुवार, २८ मार्च

काल झालं. डोकं विस्तवासारखं पेटलंय. डाव्या मांडीचं तर आता काही वाटेनासं झालं. मुख्य नर्सने माझ्या दोन्ही हातांना मोजे घालून गाठी मारल्या आहेत. "तुमच्या हातांवर माझा विश्वास नाही," म्हणाली. योग्य केलं. हे लिहायला सुनेने एक मोजा चोरून सोडला आणि पुन्हा बांधायला समोर बसून आहे.

मंगळवार, २ एप्रिल

पंजा उघडला. बोटं, पंजाची पाठ, सगळीकडे धरलंय. फक्त अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात एक तुकडा गेला. खालचं लाल दिसतंय.

धाकटीने मला टोपीशिवाय पहिल्यांदा बघितलं. डोक्यावरची पट्टी निघाली आहे, खाली नवीन कातडी, लहान बाळाच्या टाळूसारखी. सहा दिवसांत! ती एकटक बघत राहिली. मग म्हणाली, "आपण आता एकसारख्या दिसत नाही."

"मीच जरा बरी दिसते," मी म्हटलं.

नंतर मी तिला त्या मंगळवारचं मांडीचं सगळं सांगितलं, जाळी, साबण, चार दिवस. ती ऐकत होती. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "आईच्या वेळेसही असंच केलंस."

मी म्हटलं, "तेव्हा मी काही सोललं नव्हतं."

तिने नुसती मान हलवली. तिला काय म्हणायचं होतं ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

व्यायाम शिकवणारी बाई आठवडाभर धाकटीची बोटं वाकवते आहे. बोटं वाकतात, उघडतात. पण अंगठा बाजूला जात नाही. बेचक्यातली ती उघडी जागा आत आत ओढली जाते आहे. आज सर्जनबाई, ती बाई आणि मी अशा तिघी पलंगाभोवती उभ्या होतो. सर्जनबाई म्हणाल्या, "दोन मार्ग आहेत. असंच ठेवलं तर महिन्याभरात बंद होईल, पण अंगठा आखडेल. किंवा आणखी एक छोटा तुकडा लावू. यांचं डोकं पुन्हा तयार आहे."

मी टोपी काढली. म्हटलं, "उद्या सकाळी घ्या. मी जेवत नाही रात्रीपासून."

"नको," धाकटी म्हणाली. "पुरे झालं. तिचं डोकं आहे, कापडाचा तागा नव्हे."

"मी तुला विचारलेलं नाही."

"तेच तर. नाहीच विचारलंयस. पायांचं नाही विचारलंस, हाताचं नाही. तीन आठवडे आई आजारी होती आणि दर वेळी मी आहे ना, मी आहे ना. मी कोण होते गं? ती माझी नव्हती?"

व्यायामवाल्या बाई खिडकीतून काहीतरी बघायला लागल्या. सर्जनबाई हलल्या नाहीत. माझ्याजवळ उत्तरं होती. सगळी तयार होती, सहा वर्षं घडी घालून ठेवलेली. तिला ऑर्डरी होत्या, मला वाटलं उतरेल, कोणीतरी करायलाच हवं होतं. एकही बाहेर काढली नाही. त्यांच्यातली कुठली कामाची आहे हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

पलंगाजवळ स्टूल होतं त्यावर बसले. आमची तोंडं समोरासमोर आली.

"विचारते," मी म्हटलं. "देऊ का?"

तिने मला ताटकळत ठेवलं. छताकडे बघितलं, पायांकडे बघितलं. मला आठवत नाही मी कशासाठी इतकी थांबले असेन.

"दुखतं का तुला?" धाकटीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फार दुखतं. झोप लागत नाही."

"मग का देतेस?"

"तुला अंगठा हवा म्हणून. आणि मला द्यायचाय म्हणून. पण तू नको म्हणालीस तर नाही."

तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दे. पण किती घ्यायचं ते मी सांगणार. तुझ्यावर सोडलं तर सगळं डोकं देऊन मोकळी होशील." आणि तिने उजवा हात पांघरुणावरून उचलला. "हे बघा," ती सर्जनबाईंना म्हणाली. आठवडाभर जो अंगठा तसूभर हलत नव्हता, तो तिने दात आवळून बाजूला ताणला. कपाळावर घाम आला. अंगठा आणि तर्जनीच्या मधे एक फट उघडली, तीन बोटं मावतील एवढी.

"एवढं," ती म्हणाली. "याहून एक सूतही जास्त नाही."

सर्जनबाईंनी मोजपट्टी लावून मोजलं. मोजून झालं तरी त्या तिच्या अंगठ्याकडेच बघत होत्या. धाकटीने माझ्याकडे बघितलं, हात तसाच ताणून धरला, आणि सर्जनबाईंना म्हणाली, "माप लिहून घ्या लवकर, दुखतंय मला."